चढावरचं लाल पाणी

सोमवारचा उपास धरून मथुराबाई साखर कारखान्याच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागंच नाम घेत बसल्या होत्या. पुढं ड्रायव्हर पाशामियाँची परीक्षा चालली होती; शेजारी बसलेल्या साहेबांनी दोन्ही टोकं वर वळवलेली, लाल पाण्याची काचेची नळी समोर बसवली होती. पास झाले तर नोकरी कायमची होणार होती.

"साहेब, ह्या काचेच्या नळीला बॅटरी न्हाय?"

"कशाला हवी? गाडीनं हिसका दिला की लाल पाणी मागच्या बाजूला चढतं. खुणेच्या वर गेलं की तुम्ही नापास."

"हिसका बसला का, ते मागं मावशींनाच इचारा की!"

"मावशी नोकरी देत नाहीत, मियाँ. चढ आला, सांभाळा... गेलं बघा वर! लिहितो मी, नापास."

"म्या तर पाय लई हलका ठेवलाय."

"पाणी खोटं बोलत नाही."

पाशामियाँनी गाडी चढावरच उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

"आता का थांबलात?"

"नळी बघा, साहेब."

"वरच आहे."

"आन् गाडी तर उभी हाय. आता हिसका कुणी दिला?"

मथुराबाई नाम घ्यायच्या थांबल्या.

"...चढावर गाडीबरोबर नळीही तिरकी होते, हे ध्यानातच आलं नाही, मियाँ. चला, सपाटीवर पुन्हा बघू."

"चलतो की. आधी ते नापास खोडा, मग गियर टाकतो."