आधी त्याला टाके घाला

अमेरिकेतल्या एडिसनमधला दवाखाना, २००४. कपाळावर रुमाल दाबून बसलेला मुलगा शेजारच्या मावशीला सांगत होता.

“बॉल लागला तरी अंपायरनं गेम थांबवला नाही, मावशी. मी कंप्लेंट करणार.”

“वेदांत, मी लीड्सला नर्स होते तेव्हा इंग्लंडची रग्बी लीगची मॅच झाली. मॅच कसली, हाणामारीच. पाहुण्या टीमच्या एका दांडगटानं रेफरीलाच ठोसा मारला. रेफरीनं त्याला बाहेर काढलं आणि डोक्याला फडकं बांधून मॅच पूर्ण केली.”

“मग?”

“मग दोघंही माझ्यापुढे, हाणामारीत त्या दांडगटाचीही भुवई फुटलेली. रेफरी म्हणाला, आधी त्याला टाके घाला, त्यांची बस सुटेल.”

“म्हणजे माफ केलं?”

“छे. तिथंच मांडीवर त्याच्याविरुद्धचा रिपोर्ट लिहायला घेतला. एक डोळा सुजलेला, कागद सारखा सरकत होता.”

“आणि?”

“दांडगटानं धरला ना कागद, सही होईपर्यंत.”