रखमाजी शिंप्याचा पहारा

बसा मंडळी, बसा! मागच्या बायांनो, पुढे सरका. दारात अशा बसलात की वाटतं, दूध गॅसवर ठेवून आलात! हं. आता ऐका. आज एक प्रश्न घेऊन उभी आहे. ज्याच्या तोंडात देवाचं नाव आहे, त्याला भीती वाटते का हो?

नाही? सगळे म्हणता नाही? बरं. आणि वाटलीच — घशाला कोरड पडेल, गुडघे लटपटतील अशी वाटली — तर त्याची भक्ती खोटी समजायची का?

आता का गप्प? मघाशी ‘नाही’ म्हणताना आवाज कसा खणखणीत होता!

हिवरवाडी नावाचं एक गाव होतं. गोष्ट फार जुनी. तुमच्यातले निम्मे तेव्हा जन्मले नव्हते, आणि उरलेल्या निम्म्यांचं नाक त्यांची आई पुसत होती. चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसायचा. मांडवाला कापड नसायचं, आंब्याचे डहाळे असायचे. भाकरी घराघरातून यायच्या — कुणाची जाड, कुणाची करपलेली — आणि सगळ्या एकाच टोपलीत पडायच्या. कुणाची कुठली, पत्ता लागायचा नाही. ती चव आता नाही, मंडळी. असो.

सप्ताहाचा नियम तुम्हाला माहीत आहे. सात दिवस, आठ प्रहर, विणा जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तासांचा पहारा. एकाने गळ्यात घालून उभं राहायचं, मुखाने नाम घ्यायचं, मांडव सोडायचा नाही. दुसरा आला की एकमेकांच्या पाया पडायचं, आणि त्याच्या गळ्यात विणेचा पट्टा पडला की मगच आपल्या गळ्यातून काढायचा. मधे एक पळही विणा कुणाच्या हाताशिवाय राहत नाही. लाकडाची ती विणा — पण तिला केवढं जपतो आपण!

त्या वर्षी चौथ्या दिवशी, दुपारी बारा ते दोनचा पहारा रखमाजी शिंप्याकडे होता. दुपारचा पहारा कुणालाच नको असतो. जेवणं झालेली, डोळे जड, मांडवात चार म्हातारे आणि तेही घोरणारे! रखमाजी कधी नाही म्हणायचा नाही. गावातल्या प्रत्येक नवरदेवाचा सदरा त्याने शिवलेला. गरीब, हसरा माणूस.

पण मागच्या वर्षी त्याला आजार झाला होता. मनाचा. का झाला? अहो, आपल्याला लगेच कारण लागतं! काही घडलं नव्हतं. बायको कौसा जीव लावणारी, घर नीट. तरी एका सकाळी कापड पसरलं आणि कात्री उचलवेना. मग झोप गेली. मग एक आवाज सुरू झाला. देवळामागच्या विहिरीकडे बोलवायचा. आणि सगळ्यात भयंकर काय, तर तो आवाज भुताचा नव्हता, वैऱ्याचा नव्हता — त्याचा स्वतःचा होता! आपलाच आवाज आपल्याला म्हणतोय, चल, संपव. पळायचं तरी कुठे?

कौसाने त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. दोन-तीन महिन्यांत आवाज थांबला, मशीन पुन्हा खडखडू लागलं. गावाला काय सांगितलं? पित्ताच्या गोळ्या! पोट बिघडलं तर आपण चावडीवर बसून सांगतो, मन बिघडलं तर जिभेला कुलूप.

आणि सप्ताह बसला. कारभारी हणवतराव, बोलणं मोठं पण मन साधं, विणेकऱ्यांना म्हणाले, “सात दिवस व्रतात राहायचं. पोटात देवाच्या प्रसादाशिवाय काही जाता कामा नये. तो बघायला समर्थ आहे!” ते तंबाखूबद्दल बोलत होते हो! रखमाजीने गोळ्यांबद्दल ऐकलं. पुड्या मशीनच्या खणात लपवल्या. वाटलं, देवाच्या दारात गोळी खाल्ली तर माझा विश्वास कच्चा ठरेल.

हसू नका. तुम्ही आम्ही असंच करतो. मी रोज देवाचं नाव घेते आणि रोज हा चष्माही लावते. चष्मा लावला म्हणून देव रुसलेला मला तरी माहीत नाही!

दुसऱ्या दिवशी झोप गेली. तिसऱ्या दिवशी जेवण जाईना. चौथ्या दिवशी सकाळी अंघोळीचा तांब्या हातात धरला, आणि — “चल.”

तोच आवाज.

बारा वाजता रखमाजीने विणा गळ्यात घातली आणि त्याला जरा धीर आला. का, सांगा बरं? विणा गळ्यात असताना मांडव सोडायचा नाही! हा पट्टा आहे तोवर पाय विहिरीकडे जाऊ शकत नाहीत. त्याने तारेवर बोट ठेवलं, नाम सुरू केलं. देवळाचं मागचं दार उघडं होतं. दारातून विहिरीचा कठडा दिसत होता, उन्हात पांढरा पडलेला. तिकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं. मंडळी, बघायचं नाही असं ठरवलं की मान कुठे वळते?

दोन वाजले. मार्तंड मास्तर आले पहारा घ्यायला. वाकले. रखमाजी दोन पावलं मागे सरकला. नाही म्हणून मान हलवली.

मास्तरांनी डोळे पुसले. “काय निष्ठा आहे!” म्हणाले आणि बाजूला बसले.

चार वाजले. तात्या गुरव आला. पुन्हा तेच.

मग काय विचारता! घोरणारे म्हातारे जागे झाले. बातमी आळीआळीत गेली — रखमाजी शिंप्याच्या अंगात देव आलाय, विणा सोडीना! बाया आरती घेऊन आल्या. कुणी हार घातला, कुणी नारळ फोडला, कुणी लेकरू त्याच्या पायावर घातलं. कौसाला पुढे आणून बसवलं. “भाग्याची गं बाई तू!” ती हसली, पण तिची नजर नवऱ्यावरून हलेना. नवऱ्याचे डोळे तिने वर्षभर वाचले होते. ते मारुतीकडे नव्हते. ते मागच्या दाराकडे होते.

आणि रखमाजी? त्याच्या पायांना सूज आलेली. तारेने बोट कापलेलं. मनात एकच हिशेब — गुडघे किती वेळ टिकतील? पडलो तर विणा जाईल. विणा गेली की पट्टा सुटेल. पट्टा सुटला की... आणि समोर शंभर माणसं हात जोडून उभी! त्याला ओरडून सांगायचं होतं, अहो, पाया पडू नका, मला धरा! पण तोंडातून नामच येत होतं. नाम थांबलं तर आत दुसरं काय बोलेल याची भीती. शंभर माणसांत तो एकटा होता, मंडळी. असं एकटेपण रानात नसतं!

तेवढ्यात मागच्या दारातून धुरपदामाय आली. पंगतीची डाळ विहिरीवर धुणारी म्हातारी. साठ-पासष्टीची, जिभेची तिखट. डाळीची पाटी कमरेवर, हात ओले. आली आणि थबकली, कारण रखमाजीचे डोळे तिच्यावर नव्हते. तिच्या पाठीमागे होते.

तिने वळून बघितलं. विहीर.

पाटी खाली ठेवली. पदर सावरून गर्दीतून पुढे आली. सगळ्यांना वाटलं, म्हातारी पाया पडतेय. ती वाकली, त्याचा सुजलेला घोटा हाताने घट्ट धरला, आणि हळूच म्हणाली, “रख्मा, इणा सोडायचं भ्या वाटतंय का रं?”

नाम घेता घेता त्याने मान हलवली. हो.

“हिरीचं?”

हो.

“घरात कुणाला म्हाईत हाय?”

त्याने कौसाकडे बघितलं. कौसा केव्हाच उठली होती. “गोळ्या?” तिने विचारलं. “अहो, गोळ्या घेताय ना?” आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

बायका म्हणाल्या, “बघा, देवाचं प्रेम कसं वाहतंय!”

धुरपदामाय उठून उभी राहिली. “सरका गं! देव न्हाय आलेला त्याच्या अंगात. घाबरलाय तो!”

हणवतराव पुढे आले. “माय, हे काय? चार गावांचे लोक दर्शनाला आलेत!”

“मंग त्यान्ला सांगा, हितं मारुती बसलाय, त्याचं दर्शन घ्या. तो कुटं पळून जात न्हाय. ह्यो जाईल!”

“सप्ताहात असलं बोलू नये. नामापुढे भीती टिकत नाही.”

म्हातारीने ओले हात पदराला पुसले. चाळीस वर्षं तिने गावापासून एक गोष्ट लपवली होती. ती इथे, भरल्या मांडवात बोलायची म्हणजे उरलेलं आयुष्य कुजबुज ऐकत काढायचं. तिलाही भीती वाटली हो! मग म्हणाली,

“हणवत्या, ऐक. बाळंत झाल्यावर माजं डोस्कं फिरलं व्हतं. माहेरात. मलाबी असाच आवाज यायचा. म्हैनाभर मला गोठ्यात दाव्यानं बांधून ठिवलं व्हतं, माज्याच मानसांनी. म्या रातध्याड देवाचं नाव घेतलं. त्या नावानं मी जित्ती ऱ्हायले, खोटं न्हाय बोलत. पर एक मानूस येऊन बसलं असतं ना शेजारी, तर मला गोठ्यातला देव एवडा लांब वाटला नसता.”

विणेची तार तेवढी वाजत होती.

“इण्याला तू चोवीस तास मानूस देतुस,” ती म्हणाली. “ह्येला कोन देणार?”

हणवतरावांचं तोंड उतरलं. कौसाने गोळ्यांचं विचारलेलं त्यांनी ऐकलं होतं; व्रताचं आपणच काय बोललो होतो, ते त्यांना आठवलं. खाली मान घालून विचारलं, “काय करू, माय? सांग.”

“मास्तर, हिकडं या. कौसा, तू त्याचा उजवा हात धर. म्या डावा धरते. रख्मा, आयक. इणा मास्तरच्या गळ्यात जाईल, आन् तू आमच्या हातात. मदी एक पळ रिकामा न्हाय.”

रखमाजीने मान हलवली. नाही! आतून आवाज म्हणत होता, आता सोड, आता सोड. मास्तर वाकले. पट्टा मास्तरांच्या गळ्यात पडला. क्षणभर दोन माणसांच्या गळ्यांत एक पट्टा. कौसाची नखं त्याच्या मनगटात रुतली. पट्टा सुटला.

आणि तो पडला. विहिरीत नाही — धुरपदामायच्या मांडीवर पडला! ओक्साबोक्शी रडला. “मला एकट्याला सोडू नका,” एवढंच म्हणत होता. हणवतरावांनी स्वतः जाऊन मागच्या दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसले. ते धिप्पाड पुढारी, लहान पोरासारखे रडत!

दिवस मावळायच्या आत जीप जिल्ह्याला निघाली. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग समजावलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. गावात आल्यावर पहारे लागले. दोन-दोन तासांचे. मास्तर यायचे आणि वह्या तपासत बसायचे. तात्या गुरव यायचा आणि अखंड बडबडायचा. रखमाजी नंतर म्हणायचा, तात्याच्या बडबडीपुढे त्या आवाजाचं काही चालेना! कुणी उपदेश केला नाही. धुरपदामायने सगळ्यांना दम दिला होता, “श्यानपना शिकवायला कुनी जायचं न्हाय.” रोज संध्याकाळी कौसा आणि ती मिळून नाम घ्यायच्या. त्याला घ्यावंसं वाटलं तर तो घ्यायचा, नाही तर ऐकायचा.

आणि लगेच बरा झाला का? छे! दिवाळीत आवाज परत आला. पण या वेळी रखमाजी उठला, भर दुपारी मास्तरांच्या दारात गेला आणि म्हणाला, “मास्तर, आज आलाय. बसता का थोडं?”

मास्तर बसले.

मंडळी, मला विचाराल तर मास्तरांच्या घराच्या पायरीवर त्याने केली ती मोठी भक्ती. आणि मांडवातली? तीही खोटी नव्हती. भ्यालेल्या माणसाचं नाम देव ऐकतो. पण हात धरायला तो तुम्हाला पाठवतो — आणि तुम्ही आरतीचं ताट घेऊन येता!

आता तुमच्याकडे वळते. इथे, या गर्दीत, आत्ता कुणीतरी बसलंय ज्याला हे कीर्तन संपू नये असं वाटतंय. मी गोड गाते म्हणून नव्हे, माझा गळा केव्हाच गेला. घरी गेल्यावर पुन्हा एकटं व्हायचं, त्याची धास्ती आहे म्हणून. मी नाव विचारणार नाही. मान वळवून शोधू नका, उगाच त्याला अवघडल्यासारखं होईल. बाळा, बाई, जे कुणी असशील — आरती झाली तरी मी या खांबापाशी बसून आहे. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. नुसतं येऊन टेक. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं असेल तर मी बरोबर येईन.

आणि बाकीच्यांनो, टाळ खाली ठेवा. हळू. चपला शोधायची घाई नको आज. शेजारी कोण बसलंय, त्याला विचारा, “कसा आहेस?” आणि तो “बरा आहे” म्हणाला, तरी लगेच उठू नका.