अंधार, ओल आणि ऊब

"वन्सं, आमच्या चिंगीला शाळेची गरजच नाही. घरीच पुस्तकात बघून, हाताने करून सगळं शिकते."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. चार वर्षांची चिंगी आईच्या मांडीवर.

"म्हणून नाकात वाटाणा घातला?"

"बी अंधारात, ओलीत, उबेत रुजतं, असं पुस्तकात होतं. तिने जागा तर बरोबर शोधली!"

"वहिनी, माझं डोकं फिरवू नका! आणखी एक उपद्व्याप झाला की दादा सोमवारी हिचं नाव शाळेत घालणार आहे."

"काही होत नाही. उरलेले वाटाणे मी कुलपात ठेवलेत."

"आई, पुस्तकात दोन बिया लावल्यात. एक नाही उगवली तर?"

"दुसरी कुठे लावलीस गं?"

"बाबांच्या कानात. ते झोपले होते."