अल्फिया मॅडमची तीन बोटं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापिका माननीय विजयश्री मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, भोसरी सोडून नाशिकला निघालेल्या आपल्या फिजिओथेरपिस्ट अल्फिया मॅडम, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या समाधानसह माझ्या सर्व कामगार बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मी उद्धव, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. मला माइकवर बोलावलंत, धाडस केलंत! गेल्या वर्षी माझा जबडा असा आखडला, की तोंडात जेमतेम एक बोट जायचं. वडापाव कुस्करून खायचो. कुणावर ओरडायची तर सोयच नव्हती. त्या आठवड्यात हेल्परांनी म्हणे पेढे वाटले. हसा, हसा. कुणी आणले होते तेही मला ठाऊक आहे.

कंपनीच्या दवाखान्यात मॅडम म्हणाल्या, "काका, कानापुढचा सांधा दुखावलाय. तुम्ही झोपेत दात आवळता. गालावर पट्ट्या चिकटवून हलका करंट देऊ, स्नायू सैल पडतील."

करंट! सव्वीस वर्षं चारशे चाळीस व्होल्टशी झुंजलेल्या या वाघानं काय करावं? बाहेर जाऊन दवाखान्याचा मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप ठोकलं, वर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली आणि किल्ली खिशात घालून खुर्चीत येऊन बसलो. आमचा नियमच आहे तसा. वायरला माणसाचं अंग लागणार असेल तर आधी सप्लाय बंद, आणि ज्याचं कुलूप त्याच्याचकडे किल्ली. शेजारी दिव्याखाली गुडघा शेकत बसलेल्या कँटीनच्या सोजराबाई ओरडल्या, "आरं, दिवा इझला की! कुनी केलं ह्ये?" मॅडमनी शांतपणे मोबाइलएवढं मशीन माझ्यासमोर धरलं. म्हणाल्या, "काका, हे बॅटरीवर चालतं." कुठं तोंड लपवू असं झालं मला.

गालाला मुंग्या आल्या, वीस मिनिटांत ठणका उतरला. पण पुढच्या सोमवारी पुन्हा तोच आवळलेला जबडा घेऊन मी दारात. असे पाच सोमवार गेल्यावर त्यांनी विचारलं, "मशीन त्याचं काम करतंय. पण काका, दिवसभर कसली एवढी काळजी करता?" मी म्हटलं, "छे, कसली काळजी!" तेवढ्यात करंटनं गाल उडाला म्हणून निभावलं, नाहीतर चेहऱ्यावरच पकडला गेलो असतो.

आता तोंडात उभी तीन बोटं जातात. मॅडम स्वतःची बोटं दाखवून म्हणायच्या, एवढं उघडलं की झालं. तर मॅडम, आज तुम्ही चाललात, म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर देतो.

गेल्या वर्षी आमच्या मेंटेनन्सचाच समाधान प्रेस मशीनच्या विजेच्या पॅनेलमध्ये हात घालून काम करत होता. पाटी होती, त्याचं कुलूप होतं. प्रॉडक्शन खोळंबलं म्हणून मी गुपचूप बनवून ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीनं ते कुलूप काढलं आणि सप्लाय चालू केला. आत कोण आहे, हे पाहिलंसुद्धा नाही. पोराचा हात भाजला. चौकशीत मी सांगितलं, यानं कुलूप लावलंच नव्हतं. त्याचं प्रमोशन अडलं, आणि त्याच आठवड्यात माझा जबडा आखडला. मला लाज वाटते. विजयश्री मॅडम, हे सगळं लिहून आणलंय, खाली सही आहे. जी कारवाई असेल ती करा.

अल्फिया मॅडम, तुमचे मनापासून आभार. अध्यक्षांचे आणि आयोजकांचेही आभार. बोलण्यात काही वावगं आलं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. पण खरी माफी सभागृहाकडे मागून भागणार नाही.

समाधान, भावा, चुकलो रे मी. ती दुसरी किल्ली आणलीय. वर ये, घेऊन जा.