यंदाचा मार्च माझा

— नाही म्हणजे नाही, सिस्टर, आणि तिसऱ्यांदा विचारलंत तरी नाहीच. बसा तुम्ही आधी. बूट काढा ते, या वाळूत पांढरे बूट घालून उतरणाऱ्या तुम्हीच पहिल्या. इथे नको, त्या ओंडक्यावर बसा, मी आपली खालीच बरी — मी एकदा बसले की उठवायला दोन माणसं लागतात. चहा घ्या. थर्मासमधला असला तरी गरम आहे. अहो, विमान तीनला ना? आणि आत्ता वाजलेत दोन. बेव्हन तीनच्या आधी काही उडत नाही, त्याला आधी धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकलायच्या असतात. म्हणजे वेळ आहे. मी येणार नाहीये, पण वेळ आहे. आणि ती हातात माझी बॅग ना? सासूबाईंनी दिली? म्हणजे मी या ओढ्याच्या तोंडाशी सापडेन हेही त्यांनीच सांगितलं असणार. भरलीसुद्धा त्यांनीच. उघडून बघा हवं तर, सगळ्यात वर लोकरीचे गुंडे आणि सुया असतील, म्हणजे समुद्रापलीकडे लॉन्सेस्टनच्या इस्पितळात बसून बाळ येईपर्यंत मी महिनाभर विणत राहावं. ठेवा ती वाळूत. भिजली तर भिजू दे.

गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकलंच असेल तुम्ही. तीन दिवस झाले ना येऊन? मग दुकानात पहिल्याच दिवशी ऐकलं असेल. पोट नाकाला लागलंय आणि ही रेलीन पोरांना घेऊन रानोमाळ हिंडते. हो, हिंडते. रोज हिंडते. मला सांगा, मार्चमध्ये घरात कोण बसतं? तुम्ही मेलबर्नच्या, तुम्हाला नाही कळायचं. इथे जानेवारीत वारा माणसाला धड उभं राहू देत नाही, माश्या डोळ्यांत जातात, किनाऱ्यावर पाहुण्यांचे तंबू. मे लागला की पाऊस आडवा येतो, मग सहा महिने खिडकीतून समुद्र बघा. मधले हे एवढेच दिवस आमचे — उन्हाळा उतरलेला, वारा पडलेला, समुद्र वर्षात कधी नसतो इतका कोमट, आणि सगळ्या किनाऱ्यावर आम्ही तिघं. साडेतीन म्हणा. पहिल्या आठवड्यात आम्ही मेंढ्या धुवायच्या जुन्या हौदामागे ब्लॅकबेरी काढल्या, पोरांची तोंडं अशी जांभळी की सासूबाईंना वाटलं मारामारी झाली. मग एक पाऊस पडून गेला आणि कुरणात अळंबी फुटली. मला वाकता येत नाही ना, मी काठीने दाखवायची आणि ग्लेनने खुडायची. तीन वर्षांचा आहे तो, निम्मी खुडतो, निम्मी तुडवतो. काल तर अळंब्यांसाठी मी तारेचं कुंपण ओलांडलं. हसू नका, रविवारपासून पोट खाली उतरलंय, श्वास मोकळा झालाय, आता मला कुठेही जाता येतं.

आणि गेले दहा दिवस हा ओढा. ती पोरं चाळणीत काय शोधतायत माहितेय? पुष्कराज. थट्टा नाही करत, खरेखुरे. डोंगरातून पाण्याबरोबर येतात, आम्ही सगळे त्यांना हिरेच म्हणतो. ग्लेनला आत्तापर्यंत बाटलीच्या काचेचे अठरा तुकडे सापडलेत आणि एकही फेकून दिलेला चालत नाही. मी काय करते? मी पाण्यात बसते. चक्क फतकल मारून, ओढ्याच्या मधोमध, फ्रॉकसकट. पोट पाण्यावर तरंगतं आणि पाठ दुखायची थांबते, असं औषध तुमच्या दवाखान्यात आहे? ग्लेन पोटावर ओंजळीने पाणी ओततो आणि आतल्याला विचारतो, गार लागतंय का? गेल्या महिनाभरात मी जितकी हसलेय ना, सिस्टर, तितकी लग्न झाल्यापासून हसले नसेन. मंगळवारी तर या कोरीनने — ती बघा, लाल टोपीवाली, सहा वर्षांची — तिने माझ्या अंगावर चाळणी फेकली. इथे लागली, कोपराला, अजून निळं आहे. मी म्हणाले होते, पुरे आता, घरी चल. तर चाळणी फेकली आणि गळा काढून ओरडली, तू घाणेरडी आहेस, मला तू नकोस! आणि मी कोपर धरून हसत सुटले. आनंदाने सांगतेय, हो. वेड नाही लागलं मला. चहा घ्या, निवतोय.

आता सांगायलाच हवं म्हणजे. ग्लेनच्या वेळी मी शहाण्यासारखी गेले होते. पूर्ण चार आठवडे आधी, यादीत नाव होतं त्या दिवशी, याच बेव्हनच्या विमानातून. तिथल्या बायका चांगल्या होत्या, मी कुणाला नावं ठेवत नाही, खायला-प्यायला व्यवस्थित, खिडकीतून नदी दिसायची. नुसतं बसायचं आणि वाट बघायची. ग्लेन दहा दिवस उशिरा आला, मग त्याला कावीळ, मग वादळ, तीन वेळा विमान रद्द — सगळे मिळून आठ आठवडे. कोरीन तेव्हा तीन वर्षांची. मी धावपट्टीवर उतरले, हातात बाळ, आणि ती सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. लिंडसे, माझा नवरा, म्हणाला, अगं, आई आली. तर तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंकडे! मग पुढे आली आणि हात पुढे केला, पाव्हण्यांना करतात तसा — जरा थांबा हं. — हं. काही नाही, पाठीत उसण भरते, या वाळूत बसून बसून. काय सांगत होते? हात. हात पुढे केला तिने. सगळे हसले. मीपण हसले. पोरीला किती छान वळण लावलंय, म्हणाले.

आणि तेव्हापासून ते वळण सुटलंच नाही, सिस्टर. तीन वर्षं. पाणी दिलं तर 'थँक यू, मम'. केस विंचरले तर 'थँक यू, मम'. रात्री स्वप्न पडलं तर उठून आजीच्या खोलीत जाणार, आमच्या दारावरून, चवड्यांवर, मला जाग येऊ नये म्हणून. कधी हट्ट नाही, कधी रुसवा नाही. शाळेत बाई म्हणतात, किती गुणी मुलगी! तो 'गुणी' शब्द मला ऐकवत नाही. आपल्या आईशी कोण असं गुण्यागोविंदाने वागतं? तुम्ही वागलात कधी? मी तर माझ्या आईच्या नाकी नऊ आणले होते. म्हणून म्हणते, मंगळवारी तिने चाळणी फेकली तेव्हा मला कसं वाटलं असेल. बुधवारी भांडली, काल भांडली, आज सकाळी माझ्या ताटातला टोस्ट न विचारता उचलला आणि वर मलाच म्हणाली, करपवलास. तीन वर्षांनी पोरगी घरी आलीय माझी. महिनाभर हिंडून आणि ओढ्यात बसून आणलीय मी तिला. आणि तुम्ही म्हणताय, बॅग उचला.

बाळंतपण बेटावर करायचं नाही हा नियम का आहे ते मला माहितेय, ते तुम्ही मला सांगू नका. लिंडसेची डॉटआत्या याच बेटावर बाळंत होताना गेली, दोन दिवस वादळ, विमान उतरूच शकलं नाही. वरच्या कुंपणापाशी तिची कबर आहे, बाळ तिच्याबरोबरच. दर नाताळला मी तिथे फुलं ठेवते. मी काही मूर्ख नाही. मी फक्त म्हणतेय की त्या कबरीचा हिशोब सगळे मांडतात आणि माझ्या कोरीनचा कुणी मांडत नाही. कारण ती जिवंत आहे ना, आणि थँक यू म्हणते.

असं काय बघताय पोटाकडे? — हं. पोट खाली उतरलंय, म्हणाले मघाशी मी. हुशार आहात तुम्ही. दिसत नाही तुमच्याकडे बघून. बरं, नका मोजू बोटांवर, मी सांगते. कार्डावर एप्रिलची बावीस तारीख आहे ना? ती खोटी आहे. मी सांगितली तीच लिहिली त्यांनी. सिडनीला म्हणे आता पोटात डोकावून बघायचं यंत्र आलंय, इथे तर बाई सांगेल ती तारीख आणि पोट मोजायची एक फीत. मी एक महिना पुढची सांगितली. आदल्या दिवशी रात्रभर बसून ठरवलं होतं. तुमच्या आधीच्या म्हाताऱ्या सिस्टर गॅरिटींनी फीत लावली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मी सांगितली तीच तारीख लिहिली. पुढे दर वेळी म्हणायच्या, बाळ मोठं दिसतंय गं, रेलीन. मी म्हणायची, लिंडसेची माणसं थोराडच आहेत. फेब्रुवारीत मला जावं लागलं असतं, कळलं ना? सगळा मार्च गेला असता. या ब्लॅकबेरी, ही अळंबी, ती चाळणी. तो महिना मी खोटं बोलून मिळवलाय आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

लिंडसेला? नाही, लिंडसेला नाही सांगितलं. तो पक्ष्यांच्या बेटावर शेडची डागडुजी करतोय, उद्या मटनबर्ड पक्षी पकडायचा हंगाम उघडतो. त्याला सांगितलं असतं तर त्याने मला खांद्यावर टाकून विमानात नेऊन बसवलं असतं. त्याने डॉटआत्याची शवपेटी उचललीय, चौदा वर्षांचा होता. म्हणून नाही सांगितलं. आता त्याचा विषय नका काढू, नाहीतर मी रडेन, आणि मला रडायचं नाहीये — थांबा. एक मिनिट. — बोला. नाही, नका बोलू. ते घड्याळ का बघताय सारखं?

अगं पोरी, घाबरून उठतेस काय. कप खाली ठेव. बस, बस. वय काय तुझं? तेवीस? आणि किती बाळंतपणं केलीस? चार. आणि डॉक्टर शेजारी उभा. असू दे. भिऊ नको, मी दोघांना जन्म दिलाय, मला येतं ते. आणि सिस्टर गॅरिटी कुठे पळून गेल्यात? चर्चमागच्या घरात मटार सोलत बसल्यात. नियम यायच्या आधी या बेटावरची सगळी पोरं त्यांच्याच हातावर आली. बाई सत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत, पण आवाज खणखणीत आहे. त्या खुर्चीत बसून सांगतील आणि तू करशील. तुझी नोकरी? तुझ्या नोकरीला काही होत नाही. सांग त्यांना, बाई ऐकेचना. लिहून ठेव, बाई हेकट, बाई उद्धट, बाईने बॅग वाळूत टाकायला लावली. सगळं माझ्यावर घाल, मी सही करते. अवघड झालं काही, तर बोल मला लावतील, तुला नाही. आणि फारच अवघड झालं — तर बोल लावून घ्यायला मी नसेन. तेही मला माहितेय. रोज रात्री ग्लेन कान धरून झोपतो ना माझा, तेव्हा मी तेवढाच विचार करते. तुला काय वाटलं, मी नुसती हसत हिंडतेय?

पण आज नाही जायचं. गुरुवारच्या विमानाचं गुरुवारी बघू.

नको, उठू नकोस. आता उठून काही फायदा नाही. तीनला दोन मिनिटं कमी आहेत. हे टेकाड चढून तुझ्या गाडीपर्यंत जायला मला अर्धा तास लागतो, सकाळी उतरतानाच मी मोजून ठेवलंय. मी कधी इतकी बोलते असं वाटतं तुला? विचार कुणालाही गावात. रेलीनच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते, म्हणतील. दोनला तू टेकाडावर दिसलीस, हातात बॅग, आणि मी मनाशी म्हटलं, या पोरीला तासभर बसवायचं. रागव. रागव माझ्यावर, तुझा हक्कच आहे. चहा मात्र संपव.

ऐकलंस? ते इंजिन. उठलं. बेव्हन वळताना नेहमी किनाऱ्यावरून जातो, पोरांसाठी — आलं बघ! ग्लेन, हात हलव! दोन्ही हात! शाब्बास! अगं, तू वर काय बघतेस, मेलबर्नला विमानं ढिगाने असतील. कोरीनकडे बघ. तिला मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. विमान आज आहे, त्यात माझं नाव आहे, सासूबाईंनाही बोलू दिलं नव्हतं. आणि पोरगी विमानाकडे बघतच नाहीये. पाण्यात उभी राहून मागे वळलीय आणि मला बघतेय. मी आहे का ते बघतेय. आहे गं! इथेच आहे मी! खेळ तू! —

— अं? नाही, उसण नाही. सकाळपासून येतात, न्याहारीच्या आधीपासून. कळा लागोपाठ यायला लागल्यात आता. गप्प. हाक मारू नकोस तिला. तोंड असं करू नकोस, हस जरा, माझ्याकडे बघून हस. नुसता हात दे मला आणि एक शब्द बोलू नकोस. ती बघतेय.