सायबाच्या देवळातली घंटा

नेरळ स्टेशनाबाहेर रिक्षा भरायची वाट बघत बसलो होतो. मागच्या सीटवर वाडीवरच्या दोघी बोलत होत्या.

"ठके, जाऊन आलीस का गं सायबाच्या देवळात?"

"आत्ता तिथूनच येतेय."

"तुमची घंटा दिसली?"

"दिसली. चर्चाच्या बाजूला खोली हाय ना, तिथं जुनं सामान मांडलंय. सायबांचे फोटो, मोडक्या खुर्च्या, आनि मधी काचेच्या कपाटात आमची घंटा."

"घंटा चर्चाचीच की गं ती."

"असंल. चर्च बंद पडलं तवा पाद्र्यानं माझ्या आज्जेसासूला दिली, ती झाडलोट करायची तिथं. तवापासनं आमच्या देवात होती. आमच्या जगदीशनं ती म्युझियमला देऊन टाकली आनि माझ्या जिवाला घोर लागला. म्हटलं, घासूनपुसून चकचकीत केली असंल."

"मग? केलीय?"

"नाय गं! हळदकुंकू हाय तसं हाय. तिथला मानूस म्हनला, मावशी, इतकी वर्सं तुमी लावलंत, ते मी कशाला पुसू?"

"बरं झालं बाई."

"सकाळपासनं घास उतरत नवता. आत्ता दोन वडापाव खाल्ले."

"पन दसऱ्याला कुंकू कोन लावनार तिला?"

"त्यालाच सांगितलंय. पुडी देऊन आले."

"त्याला? अगं, तो किरिस्ताव ना?"

"असंल. बोट हाय ना त्याला?"