खरा ट्रक कोणता

उषाबाई : तुम्ही एक डोळा का झाकलाय?

कचरू : कचरा गेलाय.

उषाबाई : वडीगोद्री सोडल्यापासून झाकलाय. इतका येळ कचरा राहतो का? उघडा.

कचरू : चालवू दे, उषे. मागं मोसंबी हाय, गचका बसला की फुटंल.

उषाबाई : उघडा म्हणते ना.

कचरू : उघडला. झालं?

उषाबाई : समोर काय दिसून राह्यलं?

कचरू : ट्रक.

उषाबाई : किती?

कचरू : एक.

उषाबाई : मंग एवढं खाली कशाला उतरवलं? अर्धी पिकअप नालीत गेल्ती आता.

कचरू : दोन दिसले. खरा कोणता कळंना, म्हणून दोघायला जागा दिली.

उषाबाई : अगं माय. कधीपासून हे?

कचरू : दहा-बारा दिस झाले. एक डोळा झाकला की बराबर एकच दिसतो.

उषाबाई : आन मला म्हणले, डोळे नुसते बाहेर आलेत, बाकी काही न्हाई.

कचरू : बाहेर आले तर फायदाच झाला. ग्रामसभेत मी एक शब्द बोललो न्हाई, नुसतं ग्रामसेवकाकडं पाहत बसलो. त्यानं आपल्या गल्लीचा नळ मंजूर केला.

उषाबाई : थट्टा करू नका. अर्पिताचा फोन येऊन राह्यला.

(उषाबाई फोनचा स्पीकर लावते.)

अर्पिता : आई, निघालात का? जालन्यात बारा वाजता डोळ्याच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय. एसटी मिळाली ना?

उषाबाई : मिळाली.

अर्पिता : बसायला जागा?

कचरू : मला एकदम पुढची सीट भेटली.

अर्पिता : बरं झालं. पप्पा, तुमचा फोटो मी आमच्या नर्सिंगच्या मॅडमला दाखवला. अडीच महिन्यांपूर्वी थायरॉइडसाठी रेडिओआयोडीनची गोळी घेतली ना, त्यानंतर काही जणांना असं होतं म्हणाल्या. शरीराला राखणाऱ्या पेशी उलट आपल्याच डोळ्यांमागं हल्ला करतात. तिथं सूज येते, डोळा पुढं ढकलला जातो.

कचरू : म्हणजे राखणीला ठेवलेलं कुत्रं मालकालाच चावलं.

अर्पिता : तसंच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त होतं. डॉक्टरांना आधी कळलं तर गोळीसोबत सुजेचं औषधही देतात. पण तुमचा तो प्रश्नच नाही. विचारलं होतं ना डॉक्टरांनी?

उषाबाई : इचारलं होतं.

अर्पिता : आणि पप्पा, एकाचे दोन दिसतात का?

कचरू : मधून मधून.

अर्पिता : गाडीला हात लावू नका मग. लाल रंग फिका दिसतो का? तसं असलं तर डोळ्याच्या नसेवर दाब आलाय. नजर जाऊ शकते. आजच्या आज भरती व्हावं लागेल. हॉर्न किती जवळ वाजतोय?

कचरू : डायवर तापट हाय. ठेव, बाई.

उषाबाई : अर्पिताचे पप्पा.

कचरू : हां.

उषाबाई : माझी साडी कोणत्या रंगाची हाय?

कचरू : मला साड्यातलं काय कळतं?

उषाबाई : रंग सांगा.

कचरू : विटकरी. जुनी हाय ना, धुऊन धुऊन उडला.

उषाबाई : आज घडी मोडली. लालभडक हाय.

कचरू : लाल? मला तर विटकरीच दिसून राह्यली.

उषाबाई : गाडी बाजूला घ्या.

कचरू : मोसंबी?

उषाबाई : हरिओम भाऊजीला बोलावते, ते येऊन नेतील. डावीकडं घ्या. हळू. तेवढा मैलाचा दगड सोडून.

कचरू : कोणता दगड?

उषाबाई : दोन्ही सोडा.

कचरू : थांबली. बंद केली. उषे, एक सांगू का? डॉक्टरनं बिडीचं इचारलं तवा तू शेजारीच बसल्ती. मी म्हणलो, सुपारी बी खात न्हाई.

उषाबाई : हां.

कचरू : गोळीनंतर म्हणले, अंगातून किरणं निघतात, काही दिस घरच्यांपासून लांब झोपा. मी मळ्यातल्या कोठ्यावर, पत्र्याच्या खोलीत ऱ्हायलो. तू बांधावर ताट ठेवून वरडायची अन् पळायची. तोंडाचा वास घ्यायला जवळ कोणीच न्हाई. शेजारच्या मळ्यातला कडूबा लांबूनच बिडीचा बंडल फेकायचा. आठ दिवस नुसता धूर केला. तुला म्हणलो, डासांसाठी लिंबाचा पाला जाळून राह्यलो.

उषाबाई : म्हाईत हाय.

कचरू : काय म्हाईत हाय?

उषाबाई : थोटकं मोसंबीच्या आळ्यात पुरले तुम्ही. पाणी सोडलं की समदे तरंगत आले. अन् डॉक्टरफुडं बसल्ते तवाबी म्हाईत होतं. लगीन झाल्यापासून म्हाईत हाय.

कचरू : मंग तिथं बोलली का न्हाई?

उषाबाई : परक्या माणसाफुडं नवऱ्याला खोटं पाडायचं जिवावर आलं. मला काय म्हाईत, माझ्या गप बसण्यानं तुमचे डोळे जातील.

कचरू : तुझ्यानं कशाचं. आज मीच सांगतो डॉक्टरला. समदं.

उषाबाई : खिशातला बंडल द्या.

कचरू : घे.

उषाबाई : दुसरा.

कचरू : तुला बी दोन दिसतात का?

उषाबाई : बंडीच्या खिशातला.

कचरू : घे बाई. आता पुरा रिकामा हाय मी.

उषाबाई : उतरा. मागून एसटी येऊन राह्यली, हात करते.

कचरू : उषे, दोन येऊन राह्यल्या.

उषाबाई : माझा हात धरा. मी चढीन तिच्यात चढा.